वधूचा स्वर्गीय बंधू

आधीच सांगून टाकतो, मी क्षमा करणारा माणूस नाही. आई म्हणायची, ह्याला मुंगी चावली तर हा तिचं वारूळ शोधत जाईल. खरं आहे ते. गुडघे गेले, केस गेले, पण ती खोड काही गेली नाही. तेव्हा शेवटी सगळ्यांनी सगळ्यांच्या गळ्यात पडलेलं ज्यांना आवडतं, त्यांनी हे वाचायच्या भानगडीत पडू नये.

बंगळूरच्या चामराजपेटेत आमचं शिंप्याचं दुकान. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले म्हणे, आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं तोंडावर हात ठेवून हसतात. थोडं थांब म्हणायच्या ऐवजी आम्ही ‘स्वल्प थांब’ म्हणतो, थोरल्या भावाला अण्णा म्हणतो. बोलायला येतं सगळं, पण लिहायला बसलं की बोंब. नव्वदच्या सुमाराला बंगळूरच्या आमच्या मराठी घरांत चार ओळी धड लिहिणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागायचा.

तो माणूस म्हणजे मी. आजोबांनी पट्टीने बोटं फोडून मला मराठी लिहायला लावली होती, आणि मशीनच्या ठेक्यावर मंगलाष्टकाची चाल शिकवली होती. आवाजही बरा होता. त्यामुळे झालं काय, की गावात मराठी लग्न ठरलं की मंगलाष्टकं माझ्याकडे. अंतरपाट धरला, देवादिकांची कडवी म्हणून झाली, की एक कडवं घरच्यांचं असतं. त्यात आजी-आजोबा, आई-बाप, काका-मामा, भावंडं सगळी ओवायची आणि प्रत्येकाचा आशीर्वाद मागायचा. त्यासाठी लोक नातेवाइकांची यादी घेऊन दुकानात यायचे. एखादी काकू यादीतून राहिली तर ती मांडवात पाण्याला शिवत नाही, म्हणून याद्या फार जपून केलेल्या असायच्या. शेकडो लग्नांत गायलो असेन. गाऊन खाली उतरलं की प्रत्येक मांडवात कुणी तरी बाई हमखास विचारायची, "मास्तर, तुमचे लाडू कधी?" मी हसायचो. सांगणार काय, कपाळ? 

माझं लग्न माझ्या हिशेबी झालेलं होतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तो माझ्याबरोबर राहत होता. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, भाडेकरू आहे. पीण्या म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका कारखान्यात तो नकाशे काढायचा. पहिल्यांदा आला तो पँट शिवायला, आणि मापं घेताना टेप दोनदा माझ्या हातून सुटली म्हणून मीच ओशाळलो. तो म्हणाला, "मास्तर, सावकाश. मला घाई नाही." असा तो. कुणाशी वाकडं नाही, कुणाला उलटून बोलणं नाही. मी विस्तव आणि तो विहीर.

त्याचं घर जे. पी. नगरात. आमच्यासारखंच जुनं मराठी घर, पण शिकून वर गेलेलं. बाप बँकेत साहेब, आणि मराठी मंडळाचा अध्यक्ष. चौऱ्याण्णव साली, तो अजून तिथेच राहत असताना, बापाच्या हाती माझं एक पत्र लागलं. पत्राखाली मी सही करत नसे, तेवढी अक्कल देवाने दिली होती. पण पत्र पुरुषाचं आहे हे कुणालाही कळलं असतं. बापाने त्याला तीन दिवस खोलीत कोंडून मारलं. आधी हाताने, मग पट्ट्याने. एकच प्रश्न, "कोण आहे तो? नाव सांग." मग एका ओळखीच्या फौजदाराला घरी बोलावलं. तो चहा पीत म्हणाला, कलम तीनशे सत्त्याहत्तर आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, नाव सांग म्हणजे त्याला एकट्याला उचलतो. मग डॉक्टर झाला. विजेचे झटके दिले, चार की पाच. त्याला आकडा नीट आठवत नाही, झटक्यांनी तेवढं तरी चांगलं केलं. आणि एवढं सगळं होऊन त्याने नाव सांगितलं नाही. माझं नाव. शेवटी बापाने त्याला नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर काढलं आणि तो बस बदलत बदलत माझ्या दुकानाशी आला. ओठ फाटलेला. म्हणाला, "स्वल्प बसू का इथे?"

त्या दिवसापासून तो बाप माझं देणं लागत होता, आणि ते मी विसरणार नव्हतो. हा मात्र कधी बापाला शिवी देत नसे. रविवारी इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना कधी कधी बातमी दाखवायचा, कुठल्या तरी थंड देशात म्हणे दोन पुरुषांना कचेरीत सही करून नवरा-नवऱ्यासारखं राहता येतं. मी म्हणायचो, इथे फौजदार चहा पिऊन कलमं सांगतो आणि तू बर्फातल्या बातम्या वाच. तो हसायचा आणि बातमी कापून ठेवायचा.

घरातल्या एकाच माणसाशी त्याचा धागा उरला होता, धाकट्या बहिणीशी. ती कॉलेजजवळच्या बूथवरून महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या कारखान्यात फोन करायची, "अण्णा, जेवलास?" एवढं बोलायची आणि रडायची. त्या दिवशी तो माझ्यासमोर चार घास जास्त जेवायचा.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला मी मशीनवर बसलो होतो. त्याचाच शर्ट शिवत होतो, निळ्या रेघांचा. दारात स्कूटर थांबली आणि त्याचा बाप आत आला.

मी त्या माणसाला एकदाच लांबून पाहिला होता, पण ओळखायला काय लागतंय! नाक तेच, चालणं तेच. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात कात्री होती, ती मी हळूच खाली ठेवली. त्याला मात्र मी कोण ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"मास्तर, मंडळात सगळे तुमचंच नाव घेतात," तो म्हणाला. "मुलीचं लग्न आहे. मुलगा इथेच कॉम्प्युटर कंपनीत आहे, माणसं पुण्याची. विहीणबाई जरा चिकित्सक आहेत, आपल्या मराठीला नाकं मुरडतात. तेव्हा मंगलाष्टकं अशी झाली पाहिजेत, की त्यांनी बोटं तोंडात घालावीत."

मी म्हटलं, "यादी आणलीय?"

त्याने खिशातून कागद काढला आणि टेबलावर कोपर टेकून, म्हणजे मुलाच्या शर्टाच्या बाहीवरच कोपर टेकून, वाचायला लागला. वधूचे आजोबा, स्वर्गीय. आजी. मातापिता. काका-काकू. दोन मामा. आणि मग घसा खाकरून म्हणाला, "बंधू. स्वर्गीय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कागद हातात घेतला. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. त्याचं पूर्ण नाव, आणि त्याआधी ‘स्वर्गीय’.

"मुलगा वारला तुमचा?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. दुबईला गेला होता नोकरीला. मोटारीचा अपघात."

"अरेरे. इकडे आणलं होतं का?"

"नाही, तिकडेच केलं सगळं."

पापणी लवली नाही हो त्या माणसाची! मंडळातल्या लोकांनी घरी जाऊन त्याचं सांत्वनही केलं होतं, हे मला मागाहून कळलं. जिवंत मुलाच्या नावाने ह्याने लोकांनी दुखवट्याला आणलेली चहा-साखर घेतली होती. आणि एवढ्यावर भागलं नाही. निघताना वळून म्हणाला, "मास्तर, त्या ओळीत जरा जीव ओता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. विहीणबाईंना कळू दे, आम्ही काय सोसलंय."

मी म्हटलं, "साहेब, काळजीच करू नका. कुणी विसरणार नाही अशी ओळ लिहितो."

ओळ मी त्याच दुपारी लिहिली. 

‘स्वर्गी बंधु वसे, तिथून बरसे माया तयाची सदा.’

दोन दिवसांनी बाप येऊन वाचून गेला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. मग म्हणाला, सुरेख, गुलाबी कागदावर छापून घेतो, मांडवात सगळ्यांना वाटू. आपल्यात ती हौस असतेच, की गाणारा गातोय आणि लोक हातातल्या कागदावर बघतायत. मी म्हटलं, छापा, छापा, हजार छापा.

त्या संध्याकाळी हा कामावरून आला तेव्हा मी ह्यातलं काही बोललो नाही. कारण त्याच्याकडे दुसरीच बातमी होती. बहिणीचा फोन आला होता. ती म्हणाली होती, अण्णा, तू ये. दाढी आहे तुला आता, चष्मा आहे, कुणी ओळखणार नाही. मागे चपलांपाशी उभा राहा. शेवटच्या अष्टकाला सगळी माणसं स्टेजकडे सरकतात, त्या गर्दीत तूही पुढे ये आणि माझ्या डोक्यावर अक्षता टाकून जा. तुझ्या अक्षता पडल्याशिवाय माझं लग्न लागलं असं मला वाटणार नाही.

हे सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला. लहान मुलाला जत्रेला न्यायचं कबूल केल्यावर होतो तसा. 

"मंगलाष्टकं मीच म्हणणार आहे," मी म्हटलं.

तो एकदम गंभीर झाला. "नाही म्हण त्यांना."

"का? माझा धंदा आहे तो."

"तुला मी ओळखत नाही का? तू तिथे काही तरी करशील. हे बघ, मला त्या घराकडून काही नको. मान नको, माफी नको. मूठभर अक्षता टाकायच्यात, बस्स. तिचं लग्न सुरळीत होऊ दे. शपथ घे."

"कशाची?"

"मशीनवर हात ठेव."

आजोबांची मशीन ती. शिंप्याच्या घरात मशीनवर हात ठेवून खोटं बोलत नाहीत. मी हात ठेवला आणि खोटं बोललो. मनात म्हटलं, ह्याला राग येत नाही, कारण ह्याला अजून सगळं माहीत नाही. दारातच गुलाबी कागद हातात पडेल, आपलं मरण छापलेलं वाचेल, तेव्हा तरी पेटेल की नाही? तीन वर्षं मी त्या पेटण्याची वाट बघत होतो. माझ्या एकट्याच्या रागाने माझं भागत नव्हतं, त्याचाही हवा होता मला.

लग्न जे. पी. नगरातल्याच एका कल्याण मंटपात होतं, सकाळी दहाचा मुहूर्त. मांडव गच्च भरला होता. पुण्याची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, आमची बंगळूरची मागे, आणि त्यामागे बापाच्या बँकेतले कानडी साहेबलोक. बाप जरीचं उपरणं घेऊन मिरवत होता. मी स्टेजच्या कडेला माइकपाशी उभा.

मुहूर्ताला पाच मिनिटं असताना तो आला. अंगात तोच निळ्या रेघांचा शर्ट. दारातल्या पोराने सगळ्यांना देत होता तसा त्यालाही गुलाबी कागद दिला आणि ताटातल्या अक्षता दिल्या. मी डोळे फाडून बघत होतो. त्याने कागद वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग एका हाताने घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि चपलांपाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या हाताची मूठ तशीच मिटलेली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग त्याने स्टेजकडे पाहिलं, अंतरपाटाआड उभ्या बहिणीच्या नुसत्या मुंडावळ्या त्याला दिसत असतील, आणि तो हसला.

मेल्या, हसतोस काय! मला वाटलं, जाऊन त्याला गदागदा हलवावं. त्याच्या त्या हसण्याने माझ्या डोक्यात जी काय सणक गेली, ती आज लिहितानाही जाते.

भटजींनी पहिलं कडवं म्हटलं. सावधान! अक्षता उडाल्या. त्याने टाकल्या नाहीत, जपून ठेवल्या होत्या पुढे येऊन टाकायला. दुसरं कडवं मुलीच्या मावशीने रडवेल्या आवाजात म्हटलं. तिसरं माझं.

मी माइक जवळ ओढला. आजोबा आले, आजी आली, मातापिता आले, काका-काकू, मामा, एकेकाला मी सन्मानाने आणून बसवलं. पुण्याच्या विहीणबाई कागदावर बोट फिरवत माना डोलवत होत्या. बापाने खिशातून रुमाल काढून तयार ठेवला, रडायची ओळ जवळ आली होती ना! आणि मी गायलो,

‘दारी बंधु उभा, अजून बरसे माया तयाची सदा.’

घरच्यांची ओळ दोनदा म्हणायची पद्धत आहे. पहिल्यांदा लोकांना वाटलं, मास्तर चुकले. विहीणबाईंचं बोट कागदावर थांबलं. दुसऱ्यांदा मी ‘बंधु’च्या जागी त्याचं नाव घातलं. स्वच्छ, वृत्तात बसवून, पोटातून आवाज काढून. आणि उजवा हात लांब करून दाराकडे दाखवला.

सगळा मांडव मागे वळला. तिथे तो उभा होता. दाढी होती, चष्मा होता, पण नाव कानावर पडल्यावर दाढी काय झाकणार? मावशी "अगं बाई!" करून मटकन खाली बसली. आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून सवयीने निघालं, "शुभ मंगल सावधान!" सावधान ऐकल्यावर हात आपोआप उडतात आपल्या माणसांचे, तोंड कुठे का असेना. अर्ध्या मांडवाच्या अक्षता त्याच्या अंगावर पडल्या. दाढीत, चष्म्यावर, खांद्यावर. 

मी बापाकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यासाठीच तर गात होतो. तो पांढराफटक पडला होता. रुमाल हातात तसाच. तीन दिवस पट्टा चालवणारा तो हात जरीच्या उपरण्यात गुंडाळून तो उभा होता आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. मला विचाराल तर माझ्या जन्मात मी एवढं सुंदर दृश्य पाहिलेलं नाही.

भटजी हुशार. मुहूर्त टळतोय म्हणून त्यांनी घाईघाईने ‘तदेव लग्नं’ धरलं, अंतरपाट ओढला, वाजंत्री सुरू झाली, हार पडले. लग्न लागलं. पुढे सरकणारी गर्दी त्या दिवशी पुढे सरकलीच नाही, सगळे माना वळवून दाराकडे बघत होते. 

विहीणबाई उठल्या. सरळ दाराकडे चालत गेल्या, मागे त्यांचे यजमान, आणि त्यांच्या मागे धावत बाप. मीही माइक सोडून गेलो, कारण हे मला जवळून बघायचं होतं.

"काय हो," त्या त्याला म्हणाल्या, "तुम्ही ह्यांचे चिरंजीव का? आम्हाला तर सांगितलंय की..." आणि त्यांनी गुलाबी कागद पुढे केला.

आजूबाजूला आमची वीस-पंचवीस माणसं होती. मामा होता, काका होता, सगळ्यांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. कुणी ब्र काढला नाही. अशा वेळी आमची माणसं बरोबर मुकी होतात.

बापाने हात जोडले. विहिणीपुढे की मुलापुढे, कोण जाणे. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "हा... आमचा थोरला."

मी मनात म्हटलं, घे आता. बोल. पट्टा सांग, फौजदार सांग, वीज सांग. सगळा मांडव तुझा आहे.

त्याने खांद्यावरच्या अक्षता झटकल्या. विहीणबाईंकडे बघून, नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाला, "नाही हो. साहेबांची काही तरी चूक होतेय. त्यांचा थोरला वारला. मी ह्यांच्याबरोबर आलोय." आणि मोकळ्या हाताने त्याने माझं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, धरून ठेवलं. मग बापाकडे वळून म्हणाला, "ह्यांचं नाव तुम्हाला हवं होतं ना? हे ते."

बापाने माझ्याकडे पाहिलं, मग त्या मनगटाकडे, मग परत माझ्याकडे. आपण कुणाच्या दुकानात जाऊन कुणाकडून ओळ लिहून घेतली, ते त्याला टप्प्याटप्प्याने कळत गेलेलं मी बघितलं. त्याने मुलाच्या दिशेने एक हात उचलला. मुलाने त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

विहीणबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. त्यांनी बापाचं नाक पाहिलं, ह्याचं नाक पाहिलं. कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "बरं. आलात ते चांगलं केलंत. जेवून जा हं." आणि आपल्या यजमानांना घेऊन परत फिरल्या.

आम्ही जेवलो नाही. बाहेर आलो तर बाप फाटकापर्यंत मागे आला. त्याने नाव घेऊन हाक मारली. एकदा, मग आणखी एकदा, मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांनी वळून बघावं अशी. हा रिक्षावाल्याला येता का म्हणून विचारत होता, "चामराजपेट, बर्तीरा?" रिक्षावाला "सरी" म्हणाला. आम्ही बसलो. मी मागच्या फटीतून वाकून वाकून बघत राहिलो. फाटकाला धरून उभा होता बाप. उपरणं एका खांद्यावरून घसरलेलं. वळणापर्यंत मी बघितलं.

आणि मग मी सुटलोच. म्हटलं, काय चेहरा झाला होता रे म्हाताऱ्याचा! आणि तू! तुझ्या तोंडात एवढी जीभ आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यांचा थोरला वारला! अरे, मी शंभर ओळी लिहिल्या असत्या तरी असं काही सुचलं नसतं. रिक्षा मिनर्व्हा चौकापर्यंत येईस्तोवर मी एकटाच बोलत होतो, मांडीवर थापा मारत होतो. तीन वर्षांचं पोटातलं सगळं बाहेर पडत होतं. एवढा आनंद मला झाला होता, की तो एक शब्द बोललेला नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

घरी आल्यावर मी चहा टाकला. तो खुर्चीवर बसला होता, डावा हात पँटच्या खिशात. म्हटलं, शर्ट काढ, अक्षता अडकल्यात कॉलरमध्ये. त्याने खिशातून हात काढून टेबलावर ठेवला आणि मूठ उघडली.

तळहात कुंकवाने लाल झाला होता. घामाने तांदूळ एकमेकांना चिकटले होते. दारात दिलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या होत्या, एकही कमी नव्हती.

"टाकायच्या राहिल्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, "आपण परत जाऊ. आत्ता जाऊ. जेवणं चालली असतील."

"आता कुठून जाणार? मी वारलोय म्हणून सांगून आलो ना."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायलाही उठलो नाही. तो तांदळाचा एकेक दाणा सोडवत बसला होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता.